जीव मुठीत धरून

ज्या घरात घडीच्या चाकूंच्या मुठी बदलणारा माणूस राहतो, त्या घरातली कोणतीही लाकडी वस्तू सुरक्षित नसते, हे मी त्या माणसाच्याच बाजूने सांगतो आहे. खुर्चीचा पाय मोडला की इतरांना सुताराची आठवण होते. मला त्या पायाच्या गाभ्यातले रेषांचे वळण दिसते आणि त्यातून तीन मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या निघतील की चार, याचा हिशेब मनात सुरू होतो. कोणाकडे पाहुणा म्हणून गेल्यावर यजमानांच्या टेबलाकडे मी ज्या नजरेने पाहतो, ती नजर बायकोला आता ओळखता येते आणि ती तत्काळ निघण्याची घाई करू लागते.

पारंपरिक घडीचा चाकू हे यंत्र म्हणून अगदी गरीब आहे. एक पाते, त्याच्या पाठीशी ताणून बसवलेली पोलादी कमान, दोन्ही बाजूंना पितळेचे पातळ पत्रे, त्या पत्र्यांवर लाकूड, हाड किंवा शिंग यांच्या पट्ट्या आणि हा सगळा गोतावळा एकत्र धरून ठेवणारे मोजके खिळे, एवढाच त्याचा संसार. त्याला कुलूप नसते. उघडलेले पाते उघडे राहते ते केवळ कमानीच्या दाबामुळे. इतक्या सरळ रचनेत स्क्रू वापरले असते, तर मूठ बदलणे हा छंद न राहता एका दुपारचा किरकोळ उद्योग झाला असता. परंतु कारखान्यात हे खिळे दोन्ही टोकांना ठोकून पसरवतात आणि वरून असे घासून टाकतात, की बोटाला तर सोडाच, भिंगालाही त्यांचा पत्ता लागू नये. सांध्यावर जर्मन सिल्व्हर या चांदीसारख्या दिसणाऱ्या मिश्रधातूची टोपी असेल आणि तिच्यात त्याच धातूचा खिळा मुरलेला असेल, तर दिवा कडेने धरून, मान वाकडी करून, श्वास रोखून शोध घ्यावा लागतो. पाते ज्यावर फिरते त्या या मुख्य खिळ्याच्या वाटेला जाणकार मंडळी जातच नाहीत. पट्ट्या धरून ठेवणारे बारीक खिळे तेवढे ते काढतात, कारण मुख्य खिळा निघाला की कमान आणि पाते यांची जमलेली सोयरीक तुटते. मग चाकू पूर्ण उघडा, अर्धा उघडा आणि मिटलेला अशा तिन्ही अवस्थांत कमानीची पाठ पत्र्यांच्या रेषेत आणता आणता माणसाची स्वतःची पाठ रेषेबाहेर जाते.

हितचिंतक यावर सोपे मार्ग सुचवतात. स्विस आर्मी चाकूच्या नेहमीच्या लाल प्लॅस्टिकच्या बाजू आतल्या रिव्हेटांच्या टोकांवर नुसत्या दाबून बसवलेल्या असतात, पातळ पाते खाली सरकवून हलकेच उचलल्या की त्या निघतात, असे ते म्हणतात. हे खरे आहे आणि म्हणूनच त्यात राम नाही. फ्रान्सच्या सावोया भागात जोसेफ ओपिनेल यांनी 1890 मध्ये बनवलेला चाकू तर याहून भोळा आहे. बीचच्या लाकडाचा एक दांडा, दांड्यात चीर, चिरेत पाते आणि आरपार एक खिळा. 1955 मध्ये त्यावर पाते अडवणारी फिरती कडी आली, एवढीच काय ती चैन. नवशिक्याने येथूनच श्रीगणेशा करावा, हे माझेही मत आहे. मात्र या दांड्याला ओल लागली की लाकूड फुगते, पाते चिरेत गच्च बसते आणि मग दांड्याचे मागचे टोक टेबलावर आपटून ते बाहेर काढावे लागते. या आपटण्याला तिकडे रीतसर नावही आहे, म्हणजे टेबलांचे दुःख बरेच जुने असले पाहिजे. दमट हवेच्या दिवसांत माझ्या खोलीतून येणाऱ्या ठोक्यांवरून घरातल्यांना हवामान आणि माझी मनःस्थिती या दोन्हींचा अंदाज एकदमच येतो.

खरा घोळ सुरू होतो तो मुठीसाठी काय वापरावे, या प्रश्नापाशी. शिसवी दिसायला देखणी आणि हाताला मऊ. पण ती ज्या डाल्बर्जिया वंशातली, तो अख्खा वंशच 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण यादीत गेला, आणि तेव्हापासून मोडक्या फर्निचरविषयी मला वाटणारी माया अधिकच वाढली. त्याच वंशातले कोकोबोलो नावाचे लाकूड इतके सुंदर असते, की त्याच्या भुशाने अंगावर पुरळ उठले तरी लोक त्याला दोष देत नाहीत. रेझिनमध्ये भिजवलेल्या कापडाचे थर दाबून केलेले मिकार्टा हे माझ्या मते सर्वांत सज्जन साहित्य आहे. ते फुगत नाही, सहसा तडकत नाही, रुसत नाही, आणि नेमके याच कारणाने ते वापरणाऱ्याकडे इतर छंदिष्ट जरा दयेने पाहतात. मानाची जागा हाडाची. हाडावर खाचा कोरून ते रंगवण्याची जी पद्धत आहे, ती मुळात सांबरशिंगाची नक्कल. हल्ली त्या नकलेची प्लॅस्टिकमध्ये नक्कल करतात, आणि जुन्या चाकूवरची मूळ नक्कल शाबूत असेल तर शौकीन तिच्यासाठी आनंदाने खिसा रिकामा करतात. अशा हाडावर कानस चालवली, की दाताच्या डॉक्टरांनी ड्रिल लावल्यावर येतो तोच वास खोलीभर पसरतो. वस्तू जवळपास तीच असल्यामुळे यात हाडाचा काही दोष नाही, पण घरात आलेला माणूस नकळत जबड्यावर हात ठेवतो, हे मी पाहिलेले आहे.

पट्टी कापून झाली की भोके पाडायची. पितळी पत्र्यालाच साचा मानून आतल्या बाजूने ड्रिल घालावे लागते. ड्रिल शिरताना अतिशय सभ्य असते. निघताना मात्र ते पट्टीचा टवका घेऊन निघते, म्हणून खाली ठोकळा दाबून धरायचा. त्यानंतर पट्टी चिकटवायला इपॉक्सी गोंद. झटपट जातीचे इपॉक्सी पाच मिनिटांत आवळते आणि क्लॅम्प सापडायला सहा मिनिटे लागतात. सावकाश जातीचे इपॉक्सी पुरते पक्के व्हायला एक पूर्ण दिवस घेते, आणि तेवढा वेळ चाकूला हात न लावता राहू शकणारा माणूस या छंदात कशाला येईल? शिवाय त्याचा एखादा थेंब कमानीच्या बाजूला ओघळला, तर आपण घडीचा चाकू न बनवता एक सुबक, कधीही न उघडणारी कांडी बनवलेली असते.

या सगळ्या पायऱ्या म्हणजे नुसती प्रस्तावना. परीक्षा असते ती शेवटच्या खिळ्याची. दीड मिलिमीटर जाडीचा पितळी खिळा आरपार घालून त्याची टोके दोन्ही बाजूंना किंचित वर ठेवायची. टोक जास्त राहिले तर खिळा वाकतो, कमी राहिले तर त्याला डोके फुटत नाही. खालचे टोक ऐरणीवर टेकवून वरच्या टोकावर लहानशा गोल डोक्याच्या हातोडीने टिचक्या मारायच्या, त्याही मधोमध नव्हेत, कडेकडेने, आणि थोड्याथोड्या वेळाने चाकू उलटा करून दुसऱ्या बाजूलाही तेच. चार-सहा टिचक्यांत पितळेचा माथा मंद होतो, मग त्याची कड बाहेर झुकू लागते, खिळा आणि भोक यांच्यामधली केसाएवढी काळी रेघ प्रथम एका अंगाने मिटते, मग दुसऱ्या अंगाने, आणि एका क्षणी ती दिसेनाशी होते. येथे हातोडी खाली ठेवावी, असे शास्त्र सांगते. परंतु भोकात पसरणारे पितळ आता चारी बाजूंनी हाडाला रेटत असते, हाड तो रेटा निमूटपणे सोसत असते, आणि हातोडी धरणाऱ्याच्या मनात, तो कितीही अनुभवी असो, 'आणखी एकच' हा विचार आलेला असतो. मग एक बारीकसा 'टक्' असा आवाज होतो. हा आवाज हातोडीचा नसतो. त्या वेळी हाडात जो तडा जातो, तो नक्षीच्या सर्वांत देखण्या भागातूनच जातो. कोपऱ्यात, कोणाला दिसणार नाही अशा जागी गेलेला तडा मी आजवर ऐकलेला नाही. हे काम चालू असताना मला कोणी हाक मारायची नाही, असा घरात अलिखित करार आहे. दारावरची घंटा मात्र त्या करारात सामील नाही.

फ्रान्समधल्याच लाग्योल चाकूंच्या मुठीवर बारीक खिळ्यांचा क्रूस जडवण्याची रीत आहे. त्याला मेंढपाळाचा क्रूस म्हणतात. ज्या कामात खिळा हाच मुख्य वैरी, त्यात गरज नसलेले खिळे केवळ शोभेखातर ओळीने ठोकणाऱ्या कारागिरांना मी दुरूनच दंडवत घालतो.

घासकामाविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण ते करताना कोणताही विचार मनात टिकत नाही. 120 नंबरच्या खरखरीत घासकागदापासून 220, 400, 600 असे अधिकाधिक बारीक कागदांकडे चढत जायचे, आणि 1000 नंबरवर मूठ आरशासारखी झाली की तिच्यात 120 नंबरचा एक लांबलचक ओरखडा स्वच्छ दिसतो. मग पुन्हा तळघरातून सुरुवात. बफिंगच्या चाकाचा मोह मात्र जपून करावा. ते चाक चाकूचे टोक पकडून तो हातातून हिसकावते आणि कोणत्या दिशेने फेकेल याचा नेम नसतो, म्हणून चाकू मिटवून त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली बरी. ते पात्यावरही दाबून धरू नये. कार्बन पोलाद तापून निळे पडले, म्हणजे ते सुमारे 300 अंशांपर्यंत गेले आणि त्याचे पाणी उतरले. निळा रंग घासून घालवता येतो, उतरलेले पाणी परत येत नाही.

एवढे करून तयार झालेल्या चाकूने काय कापायचे, असा प्रश्न बायकोने एकदा अत्यंत साध्या सुरात विचारला होता. मी तिला चाकू कानाजवळ धरून उघडताना आणि मिटताना येणारा आवाज ऐकवला, अर्ध्यावर पाते कसे क्षणभर थबकते ते दाखवले, मुठीच्या दोन्ही पट्ट्यांवरच्या रेषा एकमेकींचे प्रतिबिंब कशा आहेत ते समजावले. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि समोरच्या पार्सलची दोरी कापायला तोच चाकू मागितला. मी तिला कात्री आणून दिली.

अलीकडे मामांनी त्यांचा जुना चाकू माझ्या स्वाधीन केला. एका बाजूची हाडाची पट्टी निम्मी उडालेली, दुसरी रंग विटून पिवळी पडलेली. "नवीन काही नको रे," ते म्हणाले, "होता तसा करून दे." याहून कठीण अट कोणी घालू शकत नाही. मी हाडाची पट्टी मिळवली, जुन्या खाचांच्या ठशावरून नव्या खाचा कोरल्या, रंग जुळेपर्यंत तुकडे बुडवून पाहिले, कडा इतक्या वर्षांच्या हाताळण्याने झिजाव्यात तशा झिजवल्या, आणि शेवटच्या खिळ्याच्या वेळी दारावरची घंटा चक्क बंद करून ठेवली. चाकू मामांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला, चष्मा वर करून दोन्ही अंगांनी न्याहाळला आणि माझ्या हातात परत देत म्हणाले, "अजून तसाच आहे की. कधी घेणार आहेस करायला?"