गाडी थांबायच्या आधीच व्हिडिओ संपतो

आज सकाळपासून तीन ग्रुपवर एकच रील येऊन पडलंय. ट्रकच्या पाठीवर जेट इंजिनं, मागे ही लांबलचक आग, वरून विमान, ट्रक सुटतो सुसाट आणि... कट! परत पहिल्यापासून सुरू. खाली सगळे "खतरनाक", "बाप रे", इमोजींचा नुसता पाऊस. आणि मी आपली फोनकडे बघत चरफडतेय, अरे बाबांनो तो थांबला कसा ते दाखवा की!! असली पन्नास रील्स बघा, गाडी थांबताना एकातही दिसणार नाही.

आधीच सांगते, "कशाला हवेत हे उद्योग, उपयोग काय" म्हणणाऱ्यांतली मी नाही. त्या लोकांचा मला जास्त राग येतो. कॅलिफोर्नियातल्या रॉन पॅट्रिक नावाच्या इंजिनिअरने आपल्या फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या भागात हेलिकॉप्टरचं टर्बाइन बसवलं, १,३५० हॉर्सपॉवरचं, आणि पुढचं मूळचं पेट्रोल इंजिन तसंच ठेवलं. म्हणजे रोज रस्त्यावर पेट्रोलवर चालवा, जेट वेगळं. याला मी कला म्हणते. कोणीतरी तर शाळेच्या बसमध्ये फँटम लढाऊ विमानाचं इंजिन घातलंय, आता याचा उपयोग विचारणाऱ्याशी काय बोलायचं. तेल भसाभसा जळतं, हो, जळतं. पुढे.

माझा मामेभाऊ, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, त्याने एकदा ट्रकच्या भंगारातल्या टर्बोचं, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या यंत्राचं, जेट इंजिन केलं होतं. टर्बोत एका बाजूला हवा दाबणारं चाक आणि दुसऱ्या बाजूला गरम वायूवर फिरणारं चाक असतंच, मधे जळायला एक डबा जोडला की झालं, असं तो म्हणायचा. झालं कसलं, सहा महिने घरच्यांनी त्याचं तोंड पाहिलं नाही. शेवटी चालू केलं तेव्हा चाकं फिरवायला हवा मारणारा ब्लोअर धरायला मी होते. आधी नुसती हवेची घरघर, मग भप्प करून आग, आणि मग तो आवाज चढत चढत जातो ना, कानाला नाही तर दाताला जाणवतो. जमलेली पोरंटोरं ओरडायला लागली, "दादा, सायकलला लाव, स्पीड किती जाईल?" दादाने काय केलं असेल? सायकलच्या कॅरिअरला इंजिन बांधलं, सायकल दोरीने खांबाला बांधली आणि मधे लटकवायचा वजनकाटा अडकवला. एवढी आग, एवढा आवाज, आणि काटा जेमतेम पाच-सहा किलोवर! पोरांचे चेहरे बघण्यासारखे होते. आग म्हणजे जोर नव्हे हे मला तेव्हा कळलं. त्या शोवाल्या ट्रकच्या मागे दिसते ती आगही बरीचशी बघणाऱ्यांसाठीच असते बरं का.

पण मुद्दा वेगळाच आहे. साध्या गाडीत इंजिन चाक फिरवतं आणि चाक रस्त्याला मागे रेटतं, त्यामुळे टायरची पकड जेवढी तेवढाच जोर लागतो. जेटला चाकाशी देणंघेणं नाही, ते गरम हवा मागे फेकतं आणि गाडी पुढे जाते, चाकं बिचारी नुसती घरंगळतात. म्हणजे वेग घ्यायला पकड लागत नाही, पण थांबायला तेच टायर आणि तीच पकड! शिवाय साध्या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन गाडीला मागे ओढतं, तो प्रकारच इथे नाही, उलट टर्बाइन शांत व्हायला वेळ घेतं आणि तोवर थोडं ढकलतच राहतं. वेग चौपट झाला की जिरवायची ऊर्जा सोळापट होते, शंभरसाठी केलेले ब्रेक चारशेला काय करणार, जळणार. म्हणून थांबायला मागे पॅराशूट सोडतात. आणि पॅराशूट उघडलं नाही तर? हे कोणत्या रीलमध्ये सांगतात?

टायरचं तर बोलूच नका. आपल्या गाडीच्या टायरवर आकड्यांच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं, कधी बघितलंय? एच असेल तर ताशी २१० किमी, वाय असेल तर ३००, तेवढाच वेग त्या टायरने सोसायचा. २००६ साली यॉर्कशायरमधल्या एल्विंग्टनच्या धावपट्टीवर ब्रिटिश टीव्हीवाला रिचर्ड हॅमंड 'व्हँपायर' नावाची जेट ड्रॅगस्टर, म्हणजे सरळ पट्ट्यात सुसाट पळवायची गाडी, चालवत होता, टीव्हीसाठी. ताशी साधारण ४६० किमीला पुढचा उजवा टायर गेला. जेट इंजिन ठणठणीत होतं!! वाचला, नशीब. जेट गाडीने वेगाचा विक्रम करायला गेलेली अमेरिकेची जेसी कॉम्ब्स नाही वाचली, २०१९, ओरेगॉनचं वाळवंट, तिथेही पुढचंच चाक. १९९७ मध्ये 'थ्रस्ट एसएससी' या जेट गाडीतून अँडी ग्रीन ताशी १,२२८ किमीने, आवाजाच्याही पुढे गेला, त्या गाडीला रबरी टायरच नव्हते, ॲल्युमिनियमची भरीव चाकं होती. याच्यावर कोणी रील करत नाही, कारण चाकातून आग निघत नाही.

दादाने त्या टर्बोभोवती जाड लोखंडी पत्रा वाकवून बसवला होता. का, तर चाक फुटलंच तर तुकडे आडवे उडतात. त्या रेषेत तो कुणाला उभं राहू द्यायचा नाही, माझ्या मामाला, म्हणजे स्वतःच्या वडिलांनाही हात धरून बाजूला केलं होतं, त्यावरून घरात दोन दिवस अबोला. सगळ्यांनी स्पीड विचारला, पत्र्याबद्दल एकानेही विचारलं नाही.

आता जरा शांत होऊन लिहिते. रीलमधला तो ट्रक म्हणजे अमेरिकेतला 'शॉकवेव्ह'. तीन जेट इंजिनं, मिळून ३६,००० हॉर्सपॉवर, ताशी ६०५ किमीपर्यंत गेलेला. ख्रिस डार्नेल चालवायचा. २ जुलै २०२२ ला मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या एअर शोमध्ये अपघात झाला आणि तो गेला, फक्त ४० वर्षांचा. हा ट्रक त्याच्या वडिलांच्याच टीमचा होता. या लोकांना मी बेफिकीर म्हणणार नाही, कुणी म्हटलेलं ऐकूनही घेणार नाही, त्यांना ब्रेक, पॅराशूट, टायर सगळं आपल्यापेक्षा हजारपट माहीत असतं. सगळं माहीत असून, सगळं तपासूनही असं होतं. आणि त्याच ट्रकची आग कापून, वर गाणं लावून तुम्ही "भाई का स्वॅग" लिहिता? तो माणूस आता नाही, हे तरी लिहा ना कुठेतरी. लाज वाटत नाही?

"जोखीम त्याची, मर्जी त्याची", माहितेय, हेच येणार कमेंटमध्ये. चालवणाऱ्यापुरतं मान्य. पण १९७१ मध्ये टेक्सासमध्ये आर्ट आर्फन्स या अमेरिकन रेसरची जेट गाडी ताब्याबाहेर गेली तेव्हा तीन माणसं मेली, त्यात ट्रॅकवर काम करणारे होते आणि शेजारी बसलेला टीव्हीचा वार्ताहर होता. आर्फन्स वाचला. त्या तिघांची मर्जी कोणी विचारली होती?

असो. रील बघून दोन पोरांनी इनबॉक्समध्ये दादाचा नंबर मागितलाय, घरी करून बघायचंय म्हणे. त्याला विचारून देईन. पण तो आधी तुम्हालाच विचारेल, गॅस बंद केल्यावर वंगणाच्या तेलाचा पंप किती वेळ चालू ठेवायचा आणि का. बेअरिंग थंड करण्याचं उत्तर आलं तर पुढे बोलेल, स्पीड विचारलात तर फोन ठेवेल. आणि ब्लोअर तुमचा तुम्ही आणा, त्याचा जळाला.