फुकटची मजुरी? अर्धं मान्य

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आमच्या मराठी विभागाची वेबसाइट एम.ए.ची मुलं ओजेटीत, म्हणजे अभ्यासक्रमातल्या 'ऑन द जॉब ट्रेनिंग'मध्ये, सांभाळतात, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं: 'हे प्रशिक्षण नव्हे, क्लार्कचं काम फुकटात उरकून घेणं आहे. नोटिसा चढवून मराठीच्या मुलांनी शिकायचं काय? पानाखाली त्यांचं नाव तरी आहे का?'

पैशांचं आधी. तुमचं बरोबर आहे. ओजेटीचे 4 क्रेडिट म्हणजे 120 तास काम, आणि त्या बदल्यात आम्ही देतो प्रमाणपत्र आणि चहा. मानधनाचा विषय काढला की 'खर्च कुठल्या हेडखाली दाखवायचा?' इथे गाडी अडते. 'कमवा आणि शिका' योजनेत तासांवर पैसे मिळतात, म्हणून यंदा ओजेटी संपल्यावर एकाला त्यात घेतलं. एकालाच. पहिल्या वर्षी तर कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम येणार म्हणून एका मुलीने महिनाभर नुसत्या स्कॅन केलेल्या नोटिसा चढवल्या. ती चूक माझीच.

'शिकायचं काय' हे मात्र नाही पटलं. आमचे जुने अभ्यासक्रम कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले. साइटवर पेस्ट केले की 'विभाग'च्या जागी एफ, ओ, एच अशी इंग्रजी अक्षरं उमटतात. कारण त्या फाइलमध्ये मराठी अक्षर नसतंच. इंग्रजी अक्षराला फाँटने मराठी मुखवटा चढवलेला असतो. कन्व्हर्टरमधून काढल्यावर बरंच सुधारलं, पण जोडाक्षर आलं की पहिली वेलांटी भलत्याच ठिकाणी जाऊन बसायची. एका मुलाने दोन दिवस खटपट करून कारण शोधलं. जुन्या फाँटमध्ये टाइपरायटरसारखी वेलांटी आधी आणि व्यंजन मागून. युनिकोडमध्ये, म्हणजे आता वेबसाइट-मोबाइलवर चालणाऱ्या पद्धतीत, व्यंजन आधी, वेलांटी मागून. स्क्रीनवर दोन्ही सारखीच दिसतात! लिहिण्याचा क्रम आणि उच्चाराचा क्रम यांतला फरक मी भाषाविज्ञानाच्या तासाला फळ्यावर कितीदा मांडला असेल. त्या पोराने तो 'स्थिती' हा शब्द दुरुस्त करताना पकडला.

स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तसंच. वर्गातल्या एका अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) अशाच एका नोटिशीवर गप्प बसला, तेव्हा 'मजकूर' आणि 'मजकुराचं चित्र' यांतला फरक सगळ्यांना कळला. मलाही तेव्हाच.

खरं तर टीका करायला याहून मोठी जागा होती, ती तुमच्या नजरेतून सुटली. एके वर्षी साइटचा पासवर्ड पास होऊन गेलेल्या मुलाकडेच राहिला. ओटीपीही त्याच्याच मोबाइलवर, आणि त्याने नंबर बदललेला. ऐन प्रवेशाच्या दिवसांत आमच्या पानावर मागच्या वर्षीच्या तारखा झळकत होत्या आणि मी फोनवर पालकांची माफी मागत होतो. मुलं येणार-जाणार, हे ठाऊक असूनही चार्ज कुणी कुणाकडे द्यायचा हे मी ठरवलंच नव्हतं. आता खातं विभागाच्या ईमेलवर आहे, आणि जुन्याने नव्याशेजारी आठवडाभर बसायचं. त्यासाठी एक साधी वही ठेवली आहे.

राहिला नावांचा प्रश्न. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून काल साइटचं काम करणाऱ्या दोघींना विचारलं, पानाखाली नाव टाकू का. एक लगेच हो म्हणाली. दुसरी म्हणाली, "सर, त्या पानावर अजून दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आहेत. त्या काढते, मग टाका."