जिद्दीचा सत्कार वरच्या मजल्यावर

सांगलीतल्या आमच्या कट्ट्यावर मुरलीकांत पेटकरांविषयी कुणाचेही दुमत नाही, कारण इस्लामपूरचा माणूस म्हणजे आपल्या जिल्ह्याचा माणूस. वाद झाला तो बापूने 3 डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनासाठी ठरवलेल्या ‘जिद्दीला सलाम’ या कार्यक्रमावरून. बापूला चार माणसे एकत्र दिसली की समोर माईक असल्यासारखा आवाज लागतो. “1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेला हा जवान 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहून सुवर्णपदक आणतो,” तो हात उंचावून म्हणाला, “आणि आपण गुडघे दुखतात म्हणून फिरायला जात नाही! अरे, मनात आणले की सगळे होते.”

लहानपणी पोलिओ झाल्यापासून एका पायात कॅलिपर घालणारा अशोक चहा संपेपर्यंत गप्प होता. “पेटकरांनी 37.33 सेकंदांत विश्वविक्रम केला, आणि अर्जुन पुरस्कार मिळायला 2025 उजाडले. त्यांच्या मनात आणायचे काहीच बाकी नव्हते, बापू. आपल्या मनात यायला बावन्न वर्षे लागली.”

बापूने लगेच प्रांजल पाटीलचा दाखला काढला. उल्हासनगरच्या या मुलीची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. संगणकाकडून पुस्तके वाचून घेत तिने अभ्यास केला, 2016 मध्ये निकाल लागलेल्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत 773 वा क्रमांक मिळवला, दिसत नाही म्हणून रेल्वेच्या लेखा सेवेने तिला नाकारले, आणि पुढच्याच परीक्षेत 124 वा क्रमांक मिळवून ती आयएएस झाली. बापूच्या मते त्या नकारानेच तिला मोठे केले, म्हणून अडथळा हेच वरदान.

“असे असेल तर तुझ्या नातवाला बारावीच्या एका पेपरला बसूच देऊ नये,” अशोक म्हणाला, “म्हणजे त्याचीही जिद्द वाढेल.”

इथे मी स्पष्टच लिहितो की मला अशोकचे म्हणणे पूर्ण पटते. प्रांजलने जे केले ते थोरच आहे. परंतु पात्र ठरलेल्या मुलीला तीच परीक्षा पुन्हा द्यावी लागली, यात तिच्या डोळ्यांचा दोष नव्हता, आणि नाकारणाऱ्यांनी तिच्यावर उपकार केले असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

नाना वकिलांनी 2016 चा दिव्यांग हक्क कायदा काढला. लोकांची ये-जा असलेल्या जुन्या इमारती, सरकारी असोत वा खाजगी, नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत दिव्यांगांना वापरता येतील अशा करायच्या होत्या आणि ती मुदत 2022 मध्येच संपली, असे सांगून त्यांनी विचारले, “बापू, तुझा हॉल कुठे आहे?” हॉल पहिल्या मजल्यावर होता आणि लिफ्ट नव्हती. “आम्ही कार्यकर्ते उचलून नेऊ की!” बापू उत्साहाने म्हणाला.

“मला उचलू नका,” अशोक म्हणाला. “कॉलेजात मी लेगस्पिन टाकायचो, तेव्हा कॅप्टन तू होतास आणि मला धावफलक लिहायला बसवलेस. भारताचा लेगस्पिनर चंद्रशेखर, त्याचा उजवा हात पोलिओने वाळलेला होता, आणि त्याच हाताने त्याने 1971 ला इंग्लंडविरुद्ध ओव्हलवर 38 धावांत 6 बळी घेतले. कॅप्टन वाडेकरांनी त्याच्या हातात चेंडू दिला, तू माझ्या हातात वही दिलीस.”

क्षणभर कुणाला काय बोलावे सुचेना. बापूचा चेहरा खरोखर उतरला होता, परंतु हार मानणे त्याच्या स्वभावात नाही. “आणि त्या वहीत तू मला लागोपाठ तीन सामन्यांत शून्यावर बाद लिहिलेस, त्याचे काय?”

“लिहिले कारण तू झालास!” अशोक म्हणाला, आणि नानांसकट सगळा कट्टा इतका हसला की टपरीवाला काय झाले ते पाहायला बाहेर आला. निघताना बापू तळमजल्यावरच्या शाळेच्या सभागृहासाठी कुणालातरी फोन लावत होता.