हरलं तर काय जातं?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे सरका.

संध्याकाळी आयपीएल लावली होती. मॅच ऐन रंगात, विकेट पडली. गोलंदाज हात पसरून सुटलाय, फलंदाज पंचांकडे बघत उभा, आणि पडद्यावर धाडकन वेलचीची जाहिरात! परत येईपर्यंत नवा फलंदाज गार्ड घेऊन तयार, स्लिपमधला माणूस गायब. कुणी हलवला, का हलवला, विचारू नका. स्टँडमधले मालक मात्र प्रत्येक चौकाराला टाळ्या वाजवताना दिसले. वर तो अडीच मिनिटांचा स्ट्रॅटेजिक टाइमआउट. कसली स्ट्रॅटेजी? साबण विकायची!

लहानपणी मामाने मला मडगावजवळ फातोर्ड्याच्या स्टेडियमवर फुटबॉल बघायला नेलं होतं, धेंपो विरुद्ध साळगावकर, गोव्याचे दोन जुने क्लब. मॅच सुटली ०-०. म्हणजे आजच्या हिशेबाने फुकट गेलेली संध्याकाळ. पण शेवटी शेवटी साळगावकरचा डिफेंडर पायात गोळा आल्यामुळे लंगडत होता, मोजे घोट्यापर्यंत उतरलेले, आणि तशातच त्याने गोललाइनवर आडवं पडून चेंडू बाहेर काढला. फोंड्याच्या कदंब बसमध्ये बसल्यापासून त्या एका चेंडूवर भांडण. मामा म्हणे, "अरे, हेडर मारपाक जाय आशिल्लो!" (मारायला हवा होता!) कंडक्टर तिकिटं फाडायची सोडून मध्ये पडला. बोरी पूल आला तरी कुणी ऐकेना.

ते भांडण का होतं, सांगा? कारण एका पॉइंटने संघ वर जायचा, एका पॉइंटने खाली यायचा. लीगमधून खाली ढकलला जायची भीती खरी होती.

मग २०१४ मध्ये फुटबॉलची आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग आली. फटाके, नट, क्रिकेटपटू मालक, सगळं आलं. २०२५ पर्यंत शेवटच्या नंबरावर आला म्हणून एकही संघ खाली गेला नाही. तळाला राहा, पुढच्या वर्षी नवी जर्सी घालून या! आणि पाच वेळा देशाची लीग जिंकलेल्या धेंपोने, शिवाय साळगावकरने आणि गोव्याच्याच स्पोर्टिंगने २०१६ मध्ये आय-लीग, म्हणजे देशाची जुनी लीग सोडली, कारण मैदानावर कितीही जिंकलात तरी वरचा दरवाजा बंदच राहणार, हे त्यांना दिसत होतं. तेव्हा किती जण बोललो आपण? आपण आयएसएलमधल्या एफसी गोवाचे भगवे टी-शर्ट शोधत होतो.

कोविडमध्ये तर कहरच. आख्खी आयएसएल गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर. स्टँड रिकामे, आणि टीव्हीवर गर्दीचा रेकॉर्ड केलेला आरडाओरडा. मडगावचा माणूस घरात बसून खोटा फातोर्डा ऐकतोय! ठीक आहे, साथ होती, दुसरा इलाज नव्हता. पण तो आवाज कुणाला फारसा खटकला नाही, हे मला जास्त लागलं.

बरं बाबा, मान्य. खेळाडूंना पैसा मिळाला, कबड्डीच्या पोरांना रस्त्यात लोक ओळखू लागले. मामाच्या काळात चांगला खेळाडू बँकेत नोकरी मिळाली की सुटलो म्हणायचा. ते दिवस परत यावेत असं मी म्हणत नाही.

पण आता आमच्या डिचोलीकडच्या टेनिस बॉल स्पर्धेतही लिलाव होतो, माहीत आहे ना? वाड्याचा संघ गेला, 'फ्रँचायझी' आली. डीजे, यूट्यूबवर लाइव्ह, हिंदीत कॉमेंट्री. परवा बघितलं, पोरं हरली आणि लगेच जिंकलेल्यांबरोबर रील करायला उभी राहिली. राग नाही, रुसवा नाही. मामा ०-० नंतर रात्री जेवला नव्हता. मामी त्याला वेडा म्हणाली, आणि खरं सांगायचं तर थोडा होताच. पण त्या वेडापायीच तो दर आठवड्याला तिकीट काढायचा.

"मनोरंजन आहे, नको तर बंद कर" म्हणणारे कमेंटमध्ये येतीलच. केलाय बंद. म्हापशाला धुळेरच्या मैदानावर गोव्याच्या फुटबॉल लीगची मॅच असेल तर कुणीतरी आधी कळवा. गाडीत दोन जागा आहेत, चणे माझ्याकडून.