फ्लँकिंग आता तरी सोडा!

"जुने नियम चालतात की नव्या पुस्तकाबरोबर!" डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग खेळाच्या प्रत्येक नव्या कॅम्पेनला (सलग चालणाऱ्या मोहिमेला) हे ऐकून डोकं उठतं. चालतात म्हणजे काय?

फ्लँकिंगच घ्या. 2014 च्या डंजन मास्टर्स गाइडमधला, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठीच्या पुस्तकातला, ऐच्छिक नियम. शत्रूच्या दोन विरुद्ध बाजूंना दोन साथीदार उभे राहिले की दोघांनाही जवळच्या हल्ल्यावर अ‍ॅडव्हांटेज. म्हणजे वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा. फुकट! तेव्हाही ते अतीच होतं. पण 2024 च्या नव्या पुस्तकात लढवय्या क्लासेसना (पात्रांच्या प्रकारांना) वेपन मास्टरी, म्हणजे शस्त्रागणिक एक खास करामत, मिळाली. शॉर्टस्वोर्डचं व्हेक्स बघा: वार लागून इजा झाली, तर त्याच शत्रूवरच्या पुढच्या हल्ल्याला अ‍ॅडव्हांटेज. आणि अ‍ॅडव्हांटेजवर अ‍ॅडव्हांटेज चढत नाही. मग फ्लँकिंग असताना व्हेक्स घ्यायचं कशाला?

बार्बेरियन या क्लासचं तर वाईटच वाटतं. रेकलेस अटॅक करताना अ‍ॅडव्हांटेजच्या बदल्यात तो स्वतःवरचे वार सोपे करून देतो, तो धोका हीच त्या क्लासची जान. आणि शेजारचा फायटर दोन पावलं सरकून तेच मिळवणार?

ऐच्छिक आहे ना, मग सेशन झीरोलाच, खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीतच, विचारा की! ऐन लढाईत "आपण फ्लँकिंग वापरतो बरं का" म्हणून काय उपयोग? तोवर सगळ्यांची कॅरेक्टर्स बांधून झालेली असतात.