लेन्स होमाने वितळत नाहीत, पाण्याचं काय ते बघा

भाचीच्या लग्नाला पंधरा दिवस उरले आणि घरच्या ग्रुपवर तो जुना फॉरवर्ड पुन्हा उगवला. २१ वर्षांची मुलगी लेन्स घालून बार्बेक्यू पार्टीला गेली, दोन-तीन मिनिटं निखाऱ्यांकडे टक लावून बघत बसली, लेन्स वितळल्या, डोळे कायमचे गेले. खाली हात जोडलेले: लेन्स प्लास्टिकच्या असतात, आगीजवळ घालू नका, सगळ्यांना पाठवा.

लगेच ठरलं, लाजाहोमाआधी नवरीने लेन्स काढायच्या. ठेवायच्या कुठे? पार्लरवाली म्हणाली, बाटलीच्या झाकणात थोडं पाणी घेऊन.

मी वीस वर्षं लेन्स वापरतेय. झाकणातलं पाणी ऐकून जी घाबरले, ती फॉरवर्ड वाचून नव्हते घाबरले.

'प्लास्टिक आहे, वितळणारच.' प्लास्टिक आहे खरं, पण बादलीचं नव्हे. सॉफ्ट लेन्समध्ये साधारण २४ टक्क्यांपासून पुढे पाणीच असतं, आणि उरलेल्या पदार्थाच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींत अशा गुंतवलेल्या असतात की तापवून त्याचा पाक होत नाही. वाळली तर लेन्स कडक होते, पापुद्र्यासारखी तुटते. कारखान्यात सीलबंद केल्यावर तिला १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत निर्जंतुक करतात. म्हणजे ती आपल्या हातात येते तीच कुकरमधून निघून! १९७० च्या दशकात तर लोक घरीही लेन्स तापवूनच निर्जंतुक करत.

'उष्णतेने डोळ्याला चिकटते.' तेवढी आच लागली तर आधी पापण्या आणि गाल पोळतील, माणूस कधीच मागे सरेल. धुरात लेन्स कोरड्या पडतात, डोळे चुरचुरतात, एवढं मात्र खरं. त्यावर लेन्ससाठीचे ओलावा देणारे थेंब मिळतात.

'कायमचं अंधत्व.' कुठल्या गावात, कुठल्या दवाखान्यात, ते फॉरवर्डमध्ये कधीच नसतं. १९८० च्या दशकात अमेरिकेत हीच गोष्ट वेल्डरच्या नावाने फिरत होती. वेल्डिंगच्या अतिनील किरणांनी डोळ्याचा वरचा थर भाजतो, पण तो लेन्स नसतानाही भाजतो, आणि बहुधा एक-दोन दिवसांत भरून येतो.

आता त्या झाकणाकडे. नळ, विहीर, गच्चीवरची टाकी, सगळीकडे अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव सापडतो. क्लोरिनला दाद न देणारं कवच तो स्वतःभोवती घालून घेतो. लेन्सवर बसून कॉर्नियात, म्हणजे डोळ्यापुढच्या पारदर्शक पडद्यात, शिरला की उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि नजर जाऊही शकते. बाटलीचं पाणीही निर्जंतुक नसतं. घरी मीठ घालून केलेलं तर नकोच. लेन्स ठेवायच्या त्या जंतू मारणाऱ्या सोल्युशनमध्ये. साधं सलाइन नुसतं धुतं, जंतू मारत नाही. लेन्स घालून झोपलं तर संसर्गाचा धोका सहा ते आठ पट वाढतो. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

दुसरी गोष्ट पार्लरवालीच्या डब्यातली, ती भाचीला घालणार होती त्या रंगीत लेन्सची. 'झीरो नंबर आहे, तपासायचं काय?' नंबर शून्य असला तरी लेन्सला वक्रता असते, व्यास असतो, आणि ती बसते प्रत्येकीच्या वेगळ्या कॉर्नियावर. कॉर्नियात रक्तवाहिन्या नाहीत, तिला प्राणवायू मिळतो तो बराचसा हवेतून. घट्ट लेन्स तोच अडवते. अमेरिकेत २००५ पासून नुसत्या रंगाच्या लेन्सही वैद्यकीय उपकरण मानल्या जातात, चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. आणि त्या डब्यातली जोडी आधी कुणाच्या डोळ्यांत होती, हे विचारायची भाचीला लाज वाटली. मी विचारलं. उत्तर मिळालं नाही.

मग डोळे तपासून घेतले, मापाच्या, एका दिवसाच्या राखाडी लेन्स आणल्या. मेकअपच्या आधी घातल्या, झोपण्याआधी काढून फेकल्या. लाजाहोम लेन्ससकटच झाला. धुराने डोळे तिचे पाणावले, नवऱ्याचेही, आणि सगळ्यांत जास्त भटजींचे. त्यांना तर साधा चष्माही नाही.