मिशीआधीचा माणूस

कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला राहायला आलो तेव्हा बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. शेजारच्या आजोबांनी खेळाडूचा फोटो छापलेलं एक जुनं कार्ड दाखवलं, लोक जमवतात तसलं. ओकलंड संघाचा रॉली फिंगर्स, आणि ओठांवर मेण लावून पीळ दिलेली अशी मिशी, की आमच्या गावचे पाटील मफलर गुंडाळून घरात बसतील. तिथेच मी फसलो.

फिंगर्स रिलीफ पिचर, म्हणजे मधेच बदली येणारा चेंडूफेक्या. लग्नात आचारी रुसला की ज्या मामांना हाक मारतात, ते काम. सामना हातचा जायला लागला की यायचं आणि वाचवायचा. असे 341 सामने त्याने वाचवले, 1992 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या मानाच्या यादीत गेला.

पण कार्डं जमवणाऱ्यांच्या जातीत उठबस करायची तर खेळाडूचं पहिलं कार्ड लागतं. टॉप्स या कार्डं छापणाऱ्या कंपनीचं, 1969 चं, नंबर 597. ते मी मिळवलं. किती डॉलरला, हे घरात अजून माहीत नाही. पाकीट उघडलं आणि पाहतो तर मिशीच नाही! असणार कुठून? संघाचे मालक चार्ली फिन्ली यांनी मिशी वाढवणाऱ्याला 300 डॉलर जाहीर केले ते 1972 साली. मी भाळलो मिशीवर आणि पैसे मोजले गुळगुळीत पोरासाठी. तोही एकटा नाही, कार्डावर तिघे नवखे, एसटीच्या बाकावर सरकून बसल्यासारखे.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. "हा होय तुझा मिशीवाला? दहावीच्या हॉल तिकिटावरचा वाटतो," ती म्हणाली. बायको मागून खोकली.

तरी हट्टाने कार्ड तपासणीला पाठवलं. तिथे कोपरे, कडा, छपाई मधोमध आहे का, सगळं बघून दहापैकी गुण देतात. मुलाच्या बारावीच्या निकालाला मी इतका घाबरलो नव्हतो. दोन महिन्यांनी कार्ड परत आलं, गुणांशिवाय. शेरा एवढाच: 'फेरफार'.

रात्री सगळे झोपल्यावर भिंग घेऊन बसलो. दिवा तिरका धरला तेव्हा दिसलं. कुणा पोराने कधीकाळी पेन्सिलने मिशी काढली होती आणि मग रबराने खोडली होती. दोन्ही टोकांना पीळ, अगदी झकास.

फिंगर्सच्या शेजारच्या माणसाला.